वळणावरची घंटी
आज बाबांच्या सायकलच्या साखळीला तेल घातलं आणि त्या वासासरशी मला फ्रान्समधल्या एका खेड्यातली कालव्याकाठची वाट आठवली. मी तिकडे शिकत होते, बाबा बनारसहून मला भेटायला आले होते. भाड्याच्या दोन सायकली घेऊन आम्ही निघालो. वाट फक्त सायकलींची. मोटार नाही, स्कूटर नाही, दोन्हीकडे पिकलेला गहू आणि आमच्या चाकांची तेवढी सळसळ. तरी बाबा प्रत्येक वळणावर घंटी वाजवत होते. मला लाज वाटली. "बाबा, इथे कोणी नाहीये हो." "आणि वळणावर गाय बसली असली तर?" तेवढ्यात परसात शेंगा तोडणाऱ्या एका म्हातारीनं घंटी ऐकून हसत हात हलवला. बाबा हरखलेच. "बघ! आपल्याकडे घंटी वाजवली की शिव्या खायच्या!" परतल्यावर ते राजा घाटाकडच्या आमच्या गल्लीतही घंटी वाजवून हात हलवायला लागले. आधी लोक हसले, मग तेही हात हलवायला लागले. बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदाच मी त्यांची सायकल बाहेर काढली. वळणावर घंटी वाजवली, तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं मान वर न करताच हात हलवला. मग त्यानं वर पाहिलं, आणि त्याचा हात तसाच राहिला.