जुन्या अर्जातलं वाक्य

“बघ की, आज बी बाटली भरल्याली तशीच हाय,” मागच्या सीटवरून पॅकिंगच्या काकू म्हणाल्या.

“उपास असंल,” कुणीतरी म्हणालं. “देवी लई कडक हाय तिची.”

अर्धी बस हसली. पहिली पाळी सुटून कंपनीची बस शिरूरहून दौंडकडे निघाली होती. जिच्या बाटलीबद्दल बोलणं चाललं होतं ती ड्रायव्हरच्या मागे एकटी बसली होती, बाटली मांडीवर आडवी धरून. सकाळी साडेपाचला दौंडला चढताना बाटलीत जेवढं पाणी होतं, तेवढंच दुपारी चारला होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ती पाणी का पीत नाही, हे त्या बसमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ती ट्रान्सजेंडर होती. तीन महिन्यांपूर्वी पॅकिंगला लागली. त्याआधी रेल्वेगाड्यांत टाळ्या वाजवून पैसे मागायची, हे तिनं पहिल्याच आठवड्यात स्वतः सांगून टाकलं होतं, कुणी विचारायच्या आत.

आमच्याकडे बिस्किटं बनतात. त्यामुळे आत जाण्याआधी बायकांच्या चेंजिंग रूममध्ये कपडे बदलून कोट-टोपी घालावी लागते. बांगड्या, मंगळसूत्र, टिकली, काहीही अंगावर चालत नाही. टिकली लॉकरच्या दाराला आतून चिकटवायची आणि सुटताना परत कपाळावर लावायची, ही तिथली पद्धत. तीही तसंच करायची. कपडे सगळ्यांत शेवटी बदलायची, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईनं. दोन महिने कुणी काही बोललं नाही. काकू तर तिच्याकडून केसांच्या पिना मागून घ्यायच्या.

मग गेटवर पुरुष बोलायला लागले. “काय वो, तुमच्यात बाप्या घुसलाय म्हणं!” एकीच्या नवऱ्यानं तिचं कामावर येणंच बंद केलं. दुसरी, नुकतंच लग्न झालेली, संडासात शिरून कडी लावून कपडे बदलायला लागली. तिची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी ठेकेदाराचा एक माणूस आमच्या खिडकीतून डोकावताना सापडला होता. त्या वेळी बायकांनी मराठीत तीन अर्ज दिले, काही झालं नाही. चौथा मी इंग्रजीत लिहिला आणि आठवड्याच्या आत काचेला रंग लागला, बाहेरून जाळी बसली.

मी क्वालिटी विभागात बसते. वयानं सगळ्यांत लहान असूनही बायका मला मॅडम म्हणतात. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून असेल किंवा स्वभावच तसा असेल, चारचौघींत बोलायची वेळ आली की माझं तोंड उघडत नाही. लिहून मात्र देते. रजेचे अर्ज, बँकेचे फॉर्म, मुलांच्या शाळेची पत्रं. नाही म्हणायचं तर बोलावं लागतं. लिहून द्यायचं तर गप्प राहिलं तरी चालतं.

“मॅडम, तिच्यावर मागच्या टायमासारखा फक्कड अर्ज लिवा,” काकू म्हणाल्या होत्या. “आमाला काय तिचं वाईट करायचं न्हाई. पर घरी काय सांगायचं, तुमीच सांगा.”

मी कॉम्प्युटरवर जुना अर्ज उघडला. तारीख बदलली, नाव बदललं, खिडकीचा उल्लेख काढला. पाचव्या ओळीत होतं की ही व्यक्ती कपडे बदलणाऱ्या महिलांकडे वारंवार डोकावताना आढळली आहे. ते त्या माणसाबद्दलचं वाक्य होतं. मला ते दिसलं. मी ते काढून अर्ज परत वाचला, तर त्यात काही उरतच नव्हतं. ती आहे, एवढीच तक्रार राहत होती. मी वाक्य परत टाकलं. चौदा जणींनी न वाचता सह्या केल्या.

तिला तोंडी हुकूम मिळाला. कपडे स्टोअरमागच्या पत्र्याच्या खोलीत बदलायचे आणि गेटजवळचं ट्रकवाल्यांचं संडास वापरायचं. दहा मिनिटांच्या सुट्टीत कोट उतरवून तिथवर जाऊन परत हात धुऊन लाइनवर येणं होत नाही. शिवाय आत बाई दिसली की ट्रकवाले दारावर थापा मारतात. म्हणून मे महिन्यात, ओव्हनशेजारच्या लाइनवर, तिनं पाणी सोडलं.

त्या दिवशी न्हावऱ्याला काकू आणि बऱ्याचजणी उतरल्या. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या अंगात ताप होता, दंडाला दंड लागल्यावर कळलं.

“मॅडम, एवढं वाचून सांगता का? तुम्ही सगळ्यांचं वाचता म्हणून...”

कंपनीची नोटीस होती, इंग्रजीत. कामावरून का काढू नये याचं उत्तर परवाच्या चौकशीत द्यायचं होतं. खाली माझ्या अर्जातल्या ओळी जशाच्या तशा होत्या. मी हळू आवाजात मराठीत सांगत गेले. पाचव्या ओळीशी थांबले. ती गाळता आली असती. मी वाचली.

“डोकावून?” ती म्हणाली. “मी तर भिंतीकडं तोंड करून असते. तुम्ही बघितलंय ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मग तुम्हीच उत्तर लिहून द्या. लिहा, परत गाडीत टाळ्या वाजवायला लावू नका.” मग ती ओशाळून हसली. “तसं नका लिहू. काय लिहायचं ते तुम्हाला कळतं.”

“उद्या देते,” मी म्हणाले.

भीमेवरचा पूल गेला. दौंडला उतरल्या उतरल्या तिनं बाटली तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या संपवली.

दुसऱ्या दिवशी ती बसला नव्हती. तिसऱ्या दिवशी, चौकशीच्या वेळी, एचआरच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. तिचा फोन आला होता. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय, दवाखान्यात आहे, आता नोकरी नको म्हणाली.

“म्हणजे विषय संपला,” साहेब म्हणाले. “फाइल बंद करू. चौकशीत तक्रार खरी आढळली, एवढ्यावर सगळ्यांनी सह्या करा. उद्या दुसऱ्या कंपनीनं तिच्याबद्दल विचारलं तर आपल्याकडे रेकॉर्ड पाहिजे.”

शिरूर ते सणसवाडी, प्रत्येक कंपनीत कामावर घेण्याआधी जुन्या कंपनीला फोन जातो. तिची खुर्ची टेबलाच्या त्या बाजूला रिकामीच ठेवलेली होती. कागद इंग्रजीत होता. तो आधी काकूंकडे गेला. त्यांनी पेन उघडलं, कागद लांब धरला, जवळ धरला आणि नेहमीसारखा माझ्यापुढे सरकवला.

“मॅडम, काय लिवलंय वो ह्यात?”

“ती आपल्याकडं डोकवायची, असं लिहिलंय,” मी म्हणाले. “ती कधीच डोकावली नाही, काकू. ते मी लिहिलं होतं.”