ताडपत्रीखालची गाडी

मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते आणि माझे यजमान त्याच गाडीचे ड्रायव्हर. शहरात जरीपटक्याला आमची भाड्याची एक खोली होती, पण महिन्यातले बरेच दिवस आम्ही उमरेडकडच्या खेड्यांत गाडीतच राहायचो. डॉक्टर सकाळी एसटीने येत आणि संध्याकाळी परत जात. मागे राहायचो आम्ही दोघं, औषधांची कपाटं, स्टोव्ह आणि झोपायची फळी. मूलबाळ नव्हतं. घर म्हणजे ती गाडीच.

ऐंशी सालानंतर संस्थेने टपावर सोलर प्लेट बसवली. उन्हावर दोन बॅटऱ्या भरायच्या आणि त्यांवर दिवे, पंखा, लसींचा छोटा फ्रिज चालायचा. रोज सकाळी यजमान टपावर चढून ओल्या फडक्याने प्लेटवरची धूळ पुसत. मग फळीखालच्या बॅटऱ्यांची टोपणं उघडून आतलं पाणी पाहत, कमी असलं तर बाटलीतलं शुद्ध पाणी घालत. तारांच्या टोकांवर पांढरी भुकटी धरायची, ती सोड्याच्या पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावत. या कामाला ते मला हात लावू देत नसत. "ॲसिड उडलं तं लुगडं जळंन तुह्यं," म्हणायचे.

एका पावसाळ्यात जड बॅटरी उचलून ठेवताना ते मटकन खाली बसले. घामाने सदरा भिजला होता. त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवलं. जीव वाचला, पण मुक्काम लांबला.

गाडी संस्थेच्या लकडगंजातल्या गोदामाच्या अंगणात उभी होती. खाटेवरून त्यांचं एकच विचारणं. "गाडी उजेडात उभी हाय ना वं?"

शेवटी मी पाहायला गेले. पावसात भिजू नये म्हणून कार्यालयातल्या माणसांनी गाडीवर ताडपत्री बांधली होती. फ्रिज मात्र चालूच राहिला होता. प्लेटला ऊन नाही आणि फ्रिज बॅटऱ्या ओढत राहिलेला. ताडपत्री काढली, प्लेट पुसली, बॅटऱ्यांत पाणी घातलं आणि उघडीप पडेल तशी रोज जाऊन पाहिलं. एक बॅटरी कशीबशी सावरली. दुसरी नुसती गरम व्हायची, धरून काहीच ठेवायची नाही.

मी त्यांना खरं ते सांगितलं.

"काहून झाकली त्यायनं?"

"पावसापासून वाचवाले."

"पावसानं काय होते तिले?" एवढं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. नवा ड्रायव्हर आला. माझी नोकरी त्याच गाडीवर होती, म्हणून मी जात राहिले आणि ते खोलीत राहू लागले. निघताना म्हणाले, "त्याले सांगजो, सकाळी प्लेट पुसत जा म्हणा."

मी सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मी गाडी चालवाले आलो. टपावर चढाले नाही."

मग पदर खोचून मीच चढू लागले. खेड्यातल्या बाया खाली उभ्या राहून हसायच्या.

घरी आले की ते सगळं विचारायचे आणि मी सांगायचे. पाणी किती घातलं, पंखा किती वेळ चालला, फ्रिज गार राहिला का. ते डोळे मिटून ऐकत. एका संध्याकाळी उरलेली बॅटरीही मंदावल्याचं मी सांगत होते. त्यांनी मधेच हात वर केला.

"राहू दे वं. तुह्या गाडीचं मले नको सांगू आता."

तोवर ती आपली गाडी होती. मी भाकऱ्या थापायला घेतल्या. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

ते थंडीत गेले. मी तेव्हा खेड्यात होते. धाकटे दीर मोटारसायकलवर निरोप घेऊन आले. नव्या ड्रायव्हरने रांगेतल्या पेशंटांना हात जोडले आणि गाडी थेट जरीपटक्याला आणली. माणसं घाटावरून परतेपर्यंत तो आमच्या दारात बसून होता.

पुढे मी शहरातल्या दवाखान्यात बदली मागून घेतली. संध्याकाळी खोलीत आले की शेजारीण दारातून विचारायची, "जेवली का वं?" आणि चूल पेटवली नसली तरी मी हो म्हणायचे.