खिडकी फोडल्याची कबुली

घरात माझं कोणी ऐकत नाही. नोकरीत होतो तेव्हा पोलीस ठाण्यात मात्र ऐकत, आणि त्यातूनच एकदा अनर्थ होता होता राहिला. ते प्रकरण आठवलं की अजून बसल्या जागी चुळबुळ होते.

लालबागच्या एका चाळीतून चांदीची गणेशमूर्ती गेली. कुलूप शाबूत, म्हणजे किल्लीनेच उघडलेलं. घरमालकाच्या मेहुण्याने खबर दिली की शेजारी राहणारा, एका शाळेतला शिपाई पिशवी घेऊन जिना उतरताना दिसला. कुटुंब गावी गेलं की झाडांना पाणी घालायला एक किल्ली या शिपायाकडे असे. वरिष्ठांचा फोन आला, संध्याकाळपर्यंत गुन्हा उघड झाला पाहिजे. मी म्हणालो, "हो सर."

शिपाई पन्नाशीचा. बस म्हटलं की बसे, ऊठ म्हटलं की उठे. मी आवाज चढवला, "मूर्ती तूच नेलीस ना?"

"हो साहेब."

शिवडीला विकलीस का, विचारलं. त्यालाही हो. वीस मिनिटांत चौकशी संपली. खुशीत मी त्याला चहा पाजला, हवालदाराने आणखी एक. जरा वेळाने त्याला भडभडून उलटी झाली.

"चहा चालत नाही साहेब, पित्त आहे. पण तुम्ही घे म्हणालात."

माझा पेन थांबला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण अटक दाखवली की याची नोकरी जाणार, चाळीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मी दोनदा बाहेर जाऊन आलो. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "स्वयंपाकघराची खिडकी कशाने फोडलीस?"

तो क्षणभर गोंधळला. "पकडीने, साहेब."

खिडकीला ओरखडाही नव्हता.

दुसरी किल्ली मेहुण्याकडे होती. मूर्ती त्याच्याच कपाटात, लुंगीत गुंडाळलेली सापडली. पठ्ठ्याने मला कायदा शिकवत दोन तास हुज्जत घातली. निर्दोष माणूस भांडतो आणि चोर मान खाली घालतो, हे माझं वर्षानुवर्षांचं शास्त्र एका दुपारीत निकालात निघालं. मोठ्यांपुढे मान तुकवायची ज्याची प्रकृती, तो खोट्यालाही मान तुकवतो. वरिष्ठांपुढे मी तरी काय वेगळं केलं होतं?

सुटका झाली तरी शिपाई बाकावरच बसून. मी म्हणालो, "काका, घरी जा आता."

तो उठला, घुटमळला. "सही राहिली ना साहेब, कबुलीवर?"

त्याआधीच्या नोकरीच्या वर्षांत मला चटकन "हो साहेब" म्हणणारे बरेच भेटले. त्यांच्यापैकी कोणालाही मी खिडकीचं विचारलं नव्हतं.