मोर्चाच्या दिवसाची हजेरी

मोर्चाच्या आदल्या सकाळी मिशनच्या गोऱ्या बाईंनी माझ्याकडून पाटीवर ‘ज्ञ’ दहा वेळा गिरवून घेतला. साल बेचाळीस. आम्हा बाप्यांना अक्षरं शिकवायला त्या समुद्रापलीकडून कडेगावाकडं आलेल्या. खडूचा तुकडा पडला तरी वाकून डबीत टाकायच्या. खोटं बोलणाऱ्याला, मिशा असल्या तरी, भिंतीकडं तोंड करून उभं करायच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कचेरीवर मोर्चाला गेलो. वर्गात बाई एकट्या. दुपारी फौजदार हजेरीपुस्तक बघायला आला. त्या दिवशी जो गैरहजर, त्याला धरायचा होता. पुस्तकात सगळे हजर होते.

"मी स्वतः लिहिले आहे," बाई म्हणाल्या. गोऱ्या बाईपुढं त्याला जास्त बोलता येईना. तो गेला.

शाळा झाडणाऱ्या म्हातारीनं हे सांगितलं, तसा मी संध्याकाळी बाईंकडं गेलो.

"आवं बाई, आमच्यापायी खोटं लिवलंसा?"

"लिहिले. पाप झाले." त्या हसल्या नाहीत. "उद्या लवकर या. आजचा धडा उद्या घेऊ. तेवढे तरी खरे होईल."

घरी भाऊ म्हणाला, "खुळा हायस काय रं? पोलीस फिरत्यात. घरात बस गप."

पहाटे उठून बायकोनं पाटी पुसून माझ्या हातात दिली. ती यंदा गेली. घरात बोलायला कोण न्हाई, म्हणून हे लिहितोय.

त्या सकाळी मी बाईंच्याही आधी पोचलो आणि माझ्या जागेवर बसलो.