मुनीरभाई पार्किंगबद्दल काय बोलले होते

हे मी कुणाजवळ बोललेलो नाय. बायकोजवळबी नाय, आणि ती तर आता राहिली नाय. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाय — का माणूस अनोळख्यापाशीच खरं बोलतो? काय की.

मी शिकलो चौथीपर्यंत. चितेगावच्या कंपनीत जन्म गेला, पण मान वाकवली नाय कुणापुढं. हट्टी म्हणा. सोयगावला आमच्या दारात बैल बांधले, गाडी सोडली — जागेचे पैसे कधी कुणी मागितले? आणि शहरात भाड्यानं फ्लॅट घेतला, तर खालच्या मजल्यावर राहणारे मालक मुनीरभाई म्हणाले, “पाटील, भाडा घर का है. नीचे स्कूटर लगाए तो उसके अलग लगते.” चष्मा पुसत म्हणाले, माझ्याकडं न बघता. मी स्कूटर लावली. पैसे नाय दिले. पुढं त्यांनी एक-दोनदा आठवण करून दिली. मी म्हणलो, बघू.

आणि ते गेले. त्यांच्या दुकानातच झटका आला.

इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागं घरात बसायचे दिवस सरल्यावर त्यांची बायको — मी त्यांना भाभी म्हणतो — वर आली. ओढणी सावरत, लाजत विचारलं, “भाई, पार्किंग का कुछ तय हुआ था क्या, उनका-तुमारा?” दुकान बंद पडलेलं, घरात पैशाची ओढाताण, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पैसे खिशात होते. तरी मी म्हणलो, “व्हय, झालं होतं. मुनीरभाई बोलले, पाटील, तुम घरके आदमी. तुमसे जगा के पैसे लिया तो मेरेकू नींद नई आती.”

एवढं लांबलचक कशाला बोललो मी? माफ केले म्हणलो असतो तरी भागलं असतं. हे असं बोलणं माझ्या तोंडात आलं तरी कुठून?

भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. “ऐसा बोले उनो?” एवढंच म्हणाल्या, आणि परत पैशाचं नाव काढलं नाय. लोकांचे कपडे शिवायला लागल्या. पुढं शेजारच्या डॉक्टरनं त्याच जागेला चांगले पैसे देऊ केले. भाभींचा पोरगा मला स्कूटर काढा सांगायला जिना चढत होता, तर त्यांनी त्याला मधीच अडवलं. मी दाराआड उभा होतो. “तेरे अब्बा की जबान है. नक्को बोलू कुछ.”

मी दार नाय उघडलं.

गंमत तर पुढं आहे. दर ईदला भाभी शीरखुर्मा घेऊन येतात आणि बसतात. “पाटीलभाई, फिर सुनाओ ना, क्या बोले थे उनो?” मी सांगतो. कधी मुनीरभाई जिन्यात उभे असतात, कधी हातात चहा असतो. त्यांच्या नातवंडांनाबी तोंडपाठ झालंय ते. आणि आता तर मलाबी मुनीरभाई तसंच बोलताना दिसतात — खरंच दिसतात, आवाजासकट. चष्मा पुसणारे मुनीरभाई शोधून काढावे लागतात. हे कसं होतं हो? इतक्या वेळा बोललं की खोट्याचीबी आठवण होऊन बसती?

स्कूटर भंगारात गेली. त्या जागेवर आता माझ्या पोराची मोटर उभी असते. पैसे अजून दिलेले नाय.

यंदाच्या ईदला भाभींनी निराळंच विचारलं. नजर अधू झालीय त्यांची. चाचपत वाटी ठेवली आणि म्हणाल्या, “भाई, ये बोलते वख्त उनो हँसे थे क्या? मेरेकू उनका हँसना याद नई आरा.”

मी म्हणलो, “व्हय, भाभी. हसले होते.”