आप्पांच्या डोळ्यांची परीक्षा

आमच्या आप्पांचं पांढरं धोतर वर्षभरात आकाशी झालं. कपडे माझी बायको सुधा धुवायची, पण धोतराला नीळ द्यायचे स्वतः आप्पा. "अजून पिवयंच दिसून राह्यलं," म्हणत बादलीत आणखी एक चिमूट टाकायचे. सेलूच्या बाजारात ते निघाले की लोक आधी धोतराकडे बघायचे, मग माझ्याकडे. (मुलगा विज्ञानाचा मास्तर, आणि बापाची ही दशा!)

दोष धोतराचा नव्हता. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. रविवारी वर्ध्याला डोळ्यांचं शिबिर होतं आणि आता उशीर केला तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मनातून पार घाबरलो होतो. पण आप्पांनी जन्मभर जिनिंगमध्ये कापसाची प्रत डोळ्यांनी ठरवलेली! ते कसले ऐकतात?

"मले साजरं दिसते. डोये कापून घ्याले मी काय बोकड हाओ?"

"आप्पा, रंग त ओयखू येत नाई तुम्हाले!"

"कोन म्हनते? घे परीक्षा!"

परीक्षा म्हटलं की मास्तराच्या अंगात येतं. सुधाच्या शिलाई मशीनचा डबा मी सतरंजीवर उपडा केला. एकेका रंगाची रिळं वेगळी लावायची, एवढाच पेपर. रिळं सुधानेच विकत आणलेली, म्हणून ती परीक्षक. शिवाय शास्त्रात तुलनेसाठी एक निरोगी डोळा लागतो. तो अर्थातच माझा!

आधी आप्पा बसले. पांढरी, मोतिया आणि लिंबू रंगाची रिळं त्यांनी एकाच ढिगात टाकली. निळी गेली काळ्यात.

"आप्पा, हे पिवयं हाय!"

"पांढरंच होय थे. दुकानात धूळ बसली असन."

"नापास!" मी वर्गातल्या आवाजात ओरडलो. (वडिलांना नापास करण्याचं भाग्य किती जणांना लाभतं?)

"आता तू बस," आप्पा म्हणाले.

मी बाह्या सरसावून भराभर रिळं लावली. सुधा बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"अहो, हे खाकी तुम्ही हिरव्यात काऊन टाकलं? अन् गुलाबी रीळ राखाडीत?"

"राखाडीच हाय ते!"

"गुलाबी हाय!"

आप्पांनी ते रीळ पार नाकाशी नेलं. "गुलाबीच त हाय बे! मलेही दिसते!"

मी उजेडाला दोष दिला. सतरंजी अंगणात नेली, रिळं कालवली, पुन्हा लावली. भर उन्हात माझ्या चुका आणखी वाढल्या! तपकिरी तर मी सरळ हिरव्यात घातलं.

"म्हनून तुम्ही बाजारातून हिरवे टमाटे आनता का?" सुधाला एकदम उलगडा झाला. "मले वाटे, स्वस्त भेटते म्हनून आनता!"

तिने निकाल लावला: आप्पा नापास, मी त्यांच्याही खाली. माझा सगळा डाव बोंबलला. ज्याला मुलापेक्षा बरं दिसतं, तो बाप ऑपरेशनला कशाला तयार होतो? मी रिळं डब्यात भरू लागलो. रडूच यायचं बाकी होतं.

आप्पांनी माझ्या हातातलं रीळ काढून घेतलं. मग म्हणाले, "सुधा, माही पिशवी भर. रविवारी वर्ध्याले जातो."

"खरंच, मामाजी?"

"मंग? याच्या भरोशावर घर सोडू काय? एकाले तरी धड दिसाले पाह्यजे!"

आप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्याची तारीख मिळाली. सुधाच्या आग्रहाखातर डॉक्टरांनी मलाही तपासलं.

"मास्तर, हे जन्मापासूनचं आहे. याला ऑपरेशन नाही. रंगाचं काही असलं की घरातल्या मोठ्या माणसाला विचारत जा."

मी घरातल्या मोठ्या माणसाकडे पाहिलं. ते डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर पडले होते आणि गालातल्या गालात हसत होते!