पाण्याचे फोटो

इंदापुरातल्या माझ्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि झेरॉक्सची कामं होतात. कॉम्प्युटर एकच. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याची हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली. मशीन सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या गाड्यावर चहा पिऊन परत यायचं. शेवटी बारामतीला जाऊन एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, आणली. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळी सिस्टीम आहे तशी उचलून यावर ठेवता येईल. फक्त जुनी डिस्क मोठी आहे, ही लहान. आधी पसारा कमी करा."

पसारा कमी करायला मला आवडतं. जुन्या पत्रिका, वाढदिवसांचे फ्लेक्स, सगळं उडवत गेले. मग आबांच्या फोटोंचं फोल्डर आलं. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं जुनं गाव पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते तिकडं जायचे, शाळेतल्या एका मित्राच्या होडीतून फिरून यायचे आणि मोबाइल माझ्या हातात द्यायचे. "घे, मशिनीत टाक." मी फोटो उतरवून मोबाइल रिकामा करून द्यायचे.

पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या देवळाचे फोटो होते, ते ठेवले. बाकीच्यांत नुसतं पाणी. करडं, सपाट, एखाद्या कोपऱ्यात होडीचं टोक.

आबा दारातल्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना बोलावून पडदा दाखवला.

"आबा, हे पाणीच पाणी आहे. ठेवायचं का?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "तुझं काम अडतंय व्हय?"

"जागा कमी पडतीये."

"मग काढ की. पाणीच हाय."

काढलं. नव्या डिस्कवर सिस्टीम चढायला दुपार गेली, पण मशीन बटण दाबताच उठलं. मी खूश. जुन्या डिस्कमध्ये लोकांच्या आधारच्या प्रती होत्या, म्हणून ती हातोडीनं फोडली. आतून चांगलं दणकट लोहचुंबक निघालं. ते कपाटाला चिकटवलंय, त्याला कात्री लावून ठेवते.

दिवाळीला कऱ्हाटीहून आत्या आल्या, आबांच्या धाकट्या बहीण. ओवाळणी झाल्यावर त्या आबांना घेऊन थेट दुकानात आल्या आणि माझ्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"दाव गं आमचं घर. दादानं कबूल केलंय, मोठ्या पडद्यावर दावतो म्हणून."

"कुठलं घर?"

"आगं, पाण्यातलं. देऊळ उघडं पडतं, पर आमचं घर सखलात, ते कवाच दिसत न्हाय. दादानं बरोबर अंगणावर होडी उभी करून फोटू काढलाय. हिरीवर बी, शाळंवर बी. माझं गुडघं गेलं, आता होडीत कुठलं चढतीय मी?"

मी आबांकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते. "मशीन बदललं न्हवं, बाय," ते म्हणाले. "त्यात गेलं."

"मशीनमध्ये नाही गेले," मी म्हटलं. "मी काढले. मला नुसतं पाणी वाटलं."

आत्या म्हणाल्या, "कन्हेरीची लेक तू, तुझं गाव कुठं बुडालंय. तुला काय ठावं, त्या पाण्यात काय हाय."

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. मी आबांना ठेवायचं का विचारलं होतं, कशाचे आहेत ते विचारलं नव्हतं. आणि जागा कमी पडतीये म्हटल्यावर सुनेच्या कामात आड येणारे आबा नव्हेत. रिकामा पेनड्राइव्ह तेव्हाही खणात पडून होता.

दुसऱ्या दिवशी दोघांना रिक्षानं उजनीच्या काठावर नेलं. तलाव भरलेला, देऊळसुद्धा पाण्यात. होडीवाला मित्र पावसाळ्यात वारला. बुडालेल्या गावातली एकेक जागा त्याला पाठ होती; तो होडी थांबवायचा आणि आबा फोटो काढायचे.

"आपलं घर त्यो बगळा बसलाय बग, त्याच्या म्होरं," आबा म्हणाले.

"काय तरीच. आपलं घर हिकडं. आपली कोंबडी सारखी देवळात पळायची, इसरलास व्हय?"

"कोंबडी तुझ्यावानी भटकी हुती. तिचं काय सांगतीस?"

"आन तुला लई ठावं! तू तर घरात कवा थांबलाच न्हाईस."

दोघं बराच वेळ भांडली. मी बगळ्याच्या बाजूचा फोटो काढला आणि आत्यांच्या बोटाच्या दिशेचाही.

"मावंल का आता?" आबांनी विचारलं.

"मावेल, आबा."

दुकानात येऊन फोटो मशीनमध्ये आणि पेनड्राइव्हवर टाकले. फाइलींना नावं दिली: आबांच्या मते घर, आत्यांच्या मते घर. दोन्हीत करडं पाणी आहे.

उन्हाळ्यात परत जायचं ठरलंय. होडी कुणाचीही मिळेल. ती कुठं थांबवायची, हे सांगणारं आता कुणी नाही.